एका स्पेसने गिळलेली फाइल

मागच्या महिन्यात माझी एक फाइल कायमची उडाली. आजीची मुलाखत मी तीन संध्याकाळी बसून टाइप केली होती. पक्की प्रत ‘आजी’ नावाच्या फाइलमध्ये आणि अर्धवट मसुदा ‘आजी जुनी’ या फाइलमध्ये. मसुद्यात वरती मी ‘कच्चा’ असं लिहून ठेवतो. तर लॅपटॉपच्या टर्मिनलवर ऐटीत कमांड दिली. ग्रेपने ‘कच्चा’ शब्द असलेल्या फाइलींची नावं शोधायची, पाइपमधून ती एक्सआर्ग्जकडे पाठवायची आणि एक्सआर्ग्जने ती पुसायला आरएमकडे द्यायची. उत्तर आलं, ‘जुनी’ नावाची फाइल नाही. बघतो तर मसुदा जागेवर, पक्की प्रत गायब! आरएमला रिसायकल बिन नसतो हो.

याचं मूळ शोधायला साठेक वर्षं मागे जावं लागतं. अमेरिकेत न्यू जर्सीला बेल लॅब्ज होती. तिथे डग मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्ये एका टिपणात लिहिलं होतं की बागेतल्या पाण्याच्या पाइपचे तुकडे जोडतो तसे प्रोग्रॅम एकमेकांना जोडता आले पाहिजेत. ही गोष्ट युनिक्समध्ये यायला १९७३ उजाडलं. केन थॉम्प्सन यांनी एका रात्रीत पाइप बसवला. ग्रेपही त्यांचाच. ‘ईडी’ नावाच्या एडिटरमधल्या शोधायच्या कमांडवरून त्याचं नाव पडलं.

आता गंमत बघा. पाइपमधून फक्त अक्षरं वाहतात, एकामागून एक. नाव कुठे संपलं हे पाइपला कळत नाही. त्या काळी फाइलचं नाव जास्तीत जास्त चौदा अक्षरांचं, त्यात स्पेस कोण घालणार? पुढे आलेल्या एक्सआर्ग्जनेही स्पेस दिसली की नाव संपलं, असंच धरलं. म्हणून ‘आजी जुनी’ची त्याने दोन नावं केली. ‘आजी’ सापडली, ती पुसली.

तुम्ही म्हणाल, अवतरणचिन्हं टाकायची ना! मी टाकली होती, ‘कच्चा’भोवती. पण ती वाचतो शेल, म्हणजे आपण टाइप केलेली ओळ समजून घेणारा प्रोग्रॅम. तो ती वाचून काढून टाकतो. पाइपमधून नंतर येणाऱ्या नावांना त्यांचा काही उपयोग नाही. उलट एखाद्या नावातच सुटं अवतरणचिन्ह असेल तर एक्सआर्ग्ज अडूनच बसतो.

उपाय मात्र झकास आहे. युनिक्समध्ये फाइलच्या नावात दोनच गोष्टी चालत नाहीत: तिरकी रेघ आणि ‘नल’ हा शून्य किमतीचा बाइट. मग दोन नावांमध्ये नलच ठेवायचा! लिनक्सवर ग्रेपला ‘उणे एल’सोबत कॅपिटल झेड द्यायचं आणि एक्सआर्ग्जला उणे शून्य. वर्षानुवर्षं लोक हे वापरत होते, पण एक्सआर्ग्जचं ते उणे शून्य पॉझिक्स या अधिकृत मानकात आलं थेट २०२४ मध्ये. पाइपनंतर एक्कावन्न वर्षांनी!

आजीच्या मुलाखतीचं रेकॉर्डिंग सुदैवाने फोनमध्ये आहे. पुन्हा टाइप करतोय. या वेळी मसुद्याचं नाव ‘आजी_जुनी’.