मानाचे शब्द, निंदेचे शब्द

उधारी बुडविणाऱ्याला बाजारपेठेत 'लुच्चा' म्हटले जाते आणि ढोंगी बुवाला 'पाखंडी'. जैन घरांतही हे शब्द सहज उच्चारले जातात. त्यांची कुळकथा मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

हिंदीत 'नंगा-लुच्चा' अशी जोडी प्रचलित आहे. अर्थ खालावलेल्या शब्दांचे उदाहरण म्हणून भाषाशास्त्राच्या पुस्तकांत ती पुष्कळदा दिली जाते. तेथील व्युत्पत्तीनुसार मूळ शब्द 'नग्न' आणि 'लुंचित' असे आहेत. वस्त्रत्याग केलेला तो नग्न, स्वहस्ते केस उपटलेला तो लुंचित. दिगंबर मुनींना ही दोन्ही विशेषणे लागू पडतात, आणि केशलोच तर श्वेतांबर साधु-साध्वींनाही चुकलेला नाही. 'लुच्चा' शब्दाचे मूळ अन्यत्र शोधणारे अभ्यासकही आहेत, हे येथे नमूद केले पाहिजे.

'पाखंड' शब्दाबाबत मात्र पुरावा दगडावर कोरलेला आहे. गिरनारच्या यात्रेस जाणारे भाविक जुनागढहून तळेटीकडे निघाले की वाटेतच सम्राट अशोकाचे शिलालेख असलेला प्रचंड खडक लागतो. नेमिनाथ प्रभूंच्या दर्शनाच्या ओढीने बहुतेक जण तेथे थांबत नाहीत. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकातील हे लेख ब्राह्मी लिपीत आहेत. ती लिपी १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी उलगडली. त्यांतील बाराव्या लेखात 'पासंड' हा शब्द वारंवार येतो, आणि त्याचा अर्थ केवळ 'धर्मसंप्रदाय' एवढाच आहे. आपल्या पासंडाची अवास्तव स्तुती आणि दुसऱ्याच्या पासंडाची निंदा करणारा आपल्याच पासंडाची हानी करतो, असा त्या लेखाचा आशय आहे. अशोकाच्या सातव्या स्तंभलेखात तर अशा संप्रदायांमध्ये निगंठांचा, म्हणजे निर्ग्रंथ जैनांचा, नावानिशी उल्लेख आहे.

संस्कृतात हा शब्द 'पाषंड' झाला. उत्तरेकडे 'ष'चा उच्चार 'ख' होत असल्याने पुढे तो 'पाखंड' झाला. मनुस्मृतीच्या काळापर्यंत वेद न मानणाऱ्यांसाठी तो तुच्छतेने वापरला जाऊ लागला होता. जैन आणि बौद्ध दोघेही त्यात आले. आचार्य कुंदकुंदांच्या 'समयसारा'त मात्र 'पासंडी' म्हणजे मुनी, असा जुना सरळ अर्थ टिकून आहे. तेथे मुनिवेशाला 'पासंडीलिंग' म्हटले आहे. आज हा शब्द वाचताना श्रावक दचकतो आणि भाषांतरकार 'मुनिलिंग' असे लिहून मोकळे होतात.

येथे केवळ इतरांकडे बोट दाखवून भागणार नाही. आचार्य समंतभद्रांच्या 'रत्नकरंडक श्रावकाचारा'त ज्या तीन मूढता सांगितल्या आहेत, त्यांतील एक 'पाषंडिमूढता' होय. खोट्या गुरूंच्या नादी लागणे, असा तिचा अर्थ. म्हणजे ज्या शब्दाने जैनांना हिणविले गेले, तोच शब्द जैन आचार्यांनीही परमताच्या साधूंसाठी वापरला.

'देवानांप्रिय' या शब्दाची कथा याहून विलक्षण आहे. ही अशोकाची राजपदवी. 'देवांना प्रिय' एवढा तिचा अर्थ. परंतु उत्तरकालीन संस्कृतात ती 'मूर्ख' या अर्थाने रूढ झाली. बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी 'अभिधानचिंतामणी' या कोशात मूर्खाच्या पर्यायांत तिची नोंद केली, आणि सतराव्या शतकातील भट्टोजी दीक्षितांनी व्याकरणाच्या नियमातच 'मूर्ख' हा अर्थ जोडून दिला. बौद्ध राजाच्या पदवीची ही मुद्दाम केलेली थट्टा असावी, असे अनेकांचे मत आहे. ते पटण्यासारखे आहे.

अर्धमागधीत मात्र या शब्दाचे भावंड शोभेल असे 'देवाणुप्पिय' हे संबोधन आपला मान राखून राहिले. आगमांत राजा मंत्र्याला आणि पती पत्नीला याच शब्दाने हाक मारतो. त्रिशलामाता चौदा स्वप्ने पाहून राजा सिद्धार्थांकडे येतात, तेव्हा ते त्यांना 'देवाणुप्पिये' म्हणतात. पर्युषणात कल्पसूत्राचे वाचन होते तेव्हा दरवर्षी हा शब्द उपाश्रयात ऐकू येतो, आणि तो ऐकून कोणी हसत नाही.