दोन धावांनी हुकलेला करंडक : १९९०-९१चा रणजी हंगाम

रणजी करंडकाच्या इतिहासात मुंबईने जिंकलेल्या अंतिम सामन्यांची यादी लांबलचक आहे. तरीही क्रिकेटप्रेमी मुंबईकरांना जो अंतिम सामना आजही षटकागणिक सांगता येतो, तो मुंबईने हरलेला आहे. मे १९९१मध्ये वानखेडे स्टेडियमवर हरयाणाने मुंबईला अवघ्या दोन धावांनी नमवून प्रथमच हा करंडक पटकावला. त्या एका दिवसाच्या आठवणीत मागचा सारा हंगाम झाकला गेला. मात्र हा सामना इतका विलक्षण का ठरला, याचे उत्तर त्या हंगामातच दडले आहे.

१९९०च्या उन्हाळ्यातील इंग्लंड दौऱ्यानंतर भारतीय संघाला मायदेशात फारसे काम नव्हते. नोव्हेंबर १९९०मध्ये चंडीगडला श्रीलंकेविरुद्ध एकमेव कसोटी झाली, त्यानंतर पाकिस्तानच्या अनुपस्थितीत आशिया चषक पार पडला. ऑस्ट्रेलिया दौरा १९९१च्या अखेरीस होता. त्यामुळे कपिलदेव, दिलीप वेंगसरकर, रवी शास्त्री, संजय मांजरेकर, चेतन शर्मा आणि कोवळा सचिन तेंडुलकर हे सारे आपापल्या संघांसाठी उपलब्ध होते. आज ज्या स्पर्धेत भारतीय संघातील खेळाडू एखाद्या सामन्यापुरता उतरला तरी बातमी होते, त्या स्पर्धेत तेव्हा अर्धा भारतीय संघ खेळत होता.

धावांचे डोंगर, निकालांचा दुष्काळ

दर्जा उंचावला तरी निकालांची वानवा कायम होती. पाटा खेळपट्ट्या हे एक कारण आणि पहिल्या डावातील आघाडीचा नियम हे दुसरे. बाद फेरीचा सामना अनिर्णित राहिला, तर पहिल्या डावात अधिक धावा करणारा संघ पुढे जातो. साहजिकच बहुतेक कर्णधारांचे गणित एकच असे. नाणेफेक जिंकायची, दोन-अडीच दिवस फलंदाजी करायची आणि प्रतिस्पर्ध्याला त्या धावसंख्येपर्यंत पोहोचू द्यायचे नाही. आदल्या १९८९-९०च्या मोसमात तर पावसामुळे अंतिम सामन्यातील पहिले डावही पुरे झाले नव्हते आणि बंगालला धावांच्या सरासरीवर विजेता ठरवावे लागले होते.

जानेवारी १९९१मध्ये जमशेदपूरच्या कीनन स्टेडियमवर झालेला दुलीप करंडकाचा अंतिम सामना हा या प्रकाराचा कळस होता. उत्तर विभागाने ९ बाद ७२९ धावा केल्या. रमण लांबा, मनोज प्रभाकर, अजय शर्मा आणि कपिलदेव अशा चौघांनी शतके ठोकली. शास्त्री आणि वेंगसरकर यांच्या शतकांनंतरही पश्चिम विभागाचा डाव ५६१वर आटोपला आणि करंडकाचा फैसला तिथेच झाला. उरलेला खेळ म्हणजे केवळ उपचार होता. त्या निरर्थक वेळेतच भडका उडाला. पश्चिम विभागाचा डावखुरा वेगवान गोलंदाज रशीद पटेल याने यष्टी उपटून लांबाचा पाठलाग केला. मैदानातले भांडण प्रेक्षकांत पसरले, दगडफेक झाली आणि सामना तिथेच थांबला. पटेलवर १३ महिन्यांची, तर लांबावर १० महिन्यांची बंदी आली. संतापाचे समर्थन करता येत नाही. पण पाच दिवसांत हजाराहून अधिक धावा आणि हाती काहीच नाही, अशा सामन्यात डोकी भडकली यात नवल कसले?

रणजी करंडकात पाच विभागांच्या साखळीतून बाद फेरी गाठणाऱ्या संघांतही मुंबईची फलंदाजी उठून दिसत होती. हैदराबादविरुद्धच्या उपांत्य सामन्यात वानखेडेवर मुंबईने ६ बाद ८५५ धावांवर डाव घोषित केला. त्यात कर्णधार मांजरेकरच्या ३७७ धावा होत्या. विजय मर्चंट यांची नाबाद ३५९ ही मुंबईकडून सर्वोच्च खेळी त्याने मागे टाकली. भाऊसाहेब निंबाळकर यांच्या नाबाद ४४३ धावाच तेवढ्या त्याच्या पुढे राहिल्या. (मांजरेकरचा हा विक्रम पृथ्वी शॉने जानेवारी २०२३मध्ये गुवाहाटीत आसामविरुद्ध ३७९ धावा करून मोडला.)

समोर हरयाणा

हरयाणाने १९७०-७१पासून रणजीत खेळायला सुरुवात केली. राजिंदर गोयल यांच्यासारखा रणजीत ६३७ बळी घेऊनही कसोटीची टोपी न मिळालेला डावखुरा फिरकीपटू या संघाने पाहिला. १९८५-८६मध्ये हा संघ अंतिम फेरीत पोहोचला, पण दिल्लीकडून हरला. १९९१च्या संघात कर्णधार कपिलदेव, चेतन शर्मा, अजय जडेजा आणि यष्टिरक्षक विजय यादव होते. रणजीत पुढे ७,६२३ धावांचा डोंगर उभारूनही कसोटीपासून वंचित राहिलेला अमरजित केपीही होता. कपिलने १९८३मध्ये लॉर्ड्सवर विश्वचषक उंचावला होता. रणजी करंडक मात्र त्याच्या हाती लागला नव्हता.

मुंबईची भूकही कमी नव्हती. सलग पंधरा वेळा विजेता राहिलेला हा संघ १९८४-८५नंतर एकदाही जिंकला नव्हता. सहा वर्षांचा हा खंड दादर-माटुंग्याच्या मैदानांवर वाढलेल्यांना अपमानासारखा वाटत होता.

३ मे रोजी सुरू झालेल्या सामन्यात हरयाणाने ५२२ धावा केल्या. दीपक शर्माचे द्विशतक एका धावेने हुकले. चेतन शर्मा ९८वर, तर जडेजा ९४वर बाद झाला. मुंबईचा डाव ४१० धावांत संपला. संजय पाटीलने ८५ आणि लालचंद राजपूतने ७४ धावा केल्या तरी हरयाणाला ११२ धावांची आघाडी मिळाली.

एरवी सामना इथेच संपायचा. पण आघाडी गमावल्याने मुंबईसमोर बरोबरीचा पर्यायच उरला नाही. ज्या नियमाने वर्षभर सामने निर्जीव केले, त्यानेच या सामन्यात जीव ओतला. हरयाणाचा दुसरा डाव २४२ धावांत आटोपला आणि अखेरच्या दिवशी मुंबईपुढे ३५५ धावांचे लक्ष्य उभे राहिले. एवढ्या धावा त्या काळात दिवसभरातही क्वचितच होत.

३४ धावांत तीन गडी बाद झाले. तेव्हा ३५ वर्षांच्या वेंगसरकरच्या साथीला नुकताच अठरा पूर्ण केलेला तेंडुलकर आला. दोघांनी १३४ धावांची भागीदारी केली आणि त्यात मोठा वाटा तेंडुलकरचा होता. ७५ चेंडूंत ९६ धावा, ५ षटकार. हरयाणाच्या फिरकी गोलंदाजांना त्याने ज्या बेदरकारपणे झोडपले, ते पाहता शतक ही औपचारिकता वाटत होती. योगेंद्र भंडारीला आणखी एक फटका मारण्याच्या नादात त्याचा झेल गेला. विनोद कांबळीने ४५ धावा करून आशा जिवंत ठेवल्या. पण पुढे एका बाजूने गडी पडतच गेले आणि ९ बाद ३०५ अशी अवस्था झाली.

अखेरचा फलंदाज होता अॅबी कुरुविला, पहिलाच हंगाम खेळणारा उंचापुरा वेगवान गोलंदाज. विजयासाठी ५० धावा हव्या होत्या. वेंगसरकरच्या पायात गोळे आले होते आणि राजपूत त्याचा रनर म्हणून धावत होता. वेंगसरकरने स्ट्राइक शक्यतो आपल्याकडे ठेवत चौकार-षटकारांची बरसात केली. एकेका धावेने अंतर घटत गेले. ४७ धावांची भागीदारी झाली, तीनच धावा उरल्या. आणि एक धाव चोरण्याच्या प्रयत्नात कुरुविला धावचीत झाला. मुंबई सर्वबाद ३५२, वेंगसरकर नाबाद १३९.

हरयाणाचे खेळाडू मैदानभर नाचत होते. शंभराहून अधिक कसोटी खेळलेला, एरवी भावना चेहऱ्यावर न आणणारा वेंगसरकर मैदानातच रडला. रणजी सामना हरल्याचे दुःख एवढे असू शकते, हे मुंबईबाहेरच्या अनेकांना त्या दिवशी प्रथमच समजले असावे.

विभागीय रचना २००२-०३मध्ये मोडीत निघाली, एलिट आणि प्लेट गट आले, निर्णायक विजयाला अधिक गुण मिळू लागले. आघाडीचा नियम बाद फेरीत मात्र टिकून आहे. फेब्रुवारी २०२५मध्ये केरळने गुजरातवर पहिल्या डावात अवघ्या दोन धावांची आघाडी घेत अंतिम फेरी गाठली आणि तिथे विदर्भ आघाडीच्याच बळावर विजेता ठरला. असे निकाल कितीही चुरशीचे असले तरी पाठलागाची थरारकता त्यांत येत नाही.

वेंगसरकरचे आंतरराष्ट्रीय क्रिकेट १९९२च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यानंतर संपले. कुरुविला १९९७मध्ये भारताकडून कसोटी खेळला. मुंबईला ३१व्या विजेतेपदासाठी १९९३-९४च्या मोसमापर्यंत थांबावे लागले. तेव्हा कर्णधार होता रवी शास्त्री आणि मैदान होते वानखेडेच.