लपवलेले स्टेरॉइड : बाळाच्या इसबाच्या मलमाचा इतिहास

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो, वैद्यकशास्त्र हा माझा विषय नाही. तरीही हा पाठ लिहिण्यास एक घरगुती कारण आहे. माझी मुलगी आठ महिन्यांची असताना तिच्या गालांवर आणि कोपरांच्या वळणात इसब उठले होते. रात्र रात्र खाजवून ती रडे. एका परिचितांनी 'शुद्ध वनौषधींचे' म्हणून एक डबी आणून दिली. डबीवर ना घटकांची यादी, ना उत्पादकाचा पत्ता. दोन दिवसांत त्वचा गुळगुळीत झाली आणि आम्ही हरखलो. त्वचारोगतज्ज्ञांनी मात्र डबी हातात घेऊन एकच प्रश्न विचारला, "दोन दिवसांत? मग यात काय आहे?" तोच प्रश्न घेऊन आपण या औषधाच्या इतिहासाकडे पाहू.

१. शोध आणि आशा

अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये सप्टेंबर १९४८ मध्ये फिलिप हेंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संधिवाताने जखडलेल्या एका तरुण स्त्रीला 'संयुग ई' टोचले. काही दिवसांतच ती चालू लागली. हे संयुग म्हणजे कॉर्टिझोन. आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी ज्या संप्रेरकांचे कुटुंब तयार करतात, त्यांपैकीच ते एक. हेंच, एडवर्ड केंडल आणि बाझेलचे टाडेउस राइखश्टाइन यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

त्वचेवर चोळलेले कॉर्टिझोन मात्र फारसे उपयोगी पडेना. १९५२ मध्ये न्यूयॉर्कचे मॅरियन सुल्झबर्गर आणि व्हिक्टर विटन यांनी 'संयुग एफ', म्हणजे हायड्रोकॉर्टिझोन, मलमातून वापरले आणि इसब शमू लागले. तोपर्यंत डांबराची मलमे, झिंक आणि ओल्या पट्ट्या हेच उपचार होते. त्या काळच्या पालकांना या मलमाने केवढा दिलासा दिला असेल, याची कल्पना करा.

२. तीव्रतेची चढाओढ

यानंतर रसायनशास्त्रज्ञांनी मूळ रेणूत फ्लोरिन व इतर गट जोडून अधिक तीव्र स्टेरॉइडे बनवली. १९६२ मध्ये मॅकेन्झी आणि स्टॉटन यांनी तीव्रता मोजण्याची सोपी कसोटी दिली. स्टेरॉइडमुळे त्वचेतील सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि त्वचा फिकी पडते, तेव्हा हा फिकेपणाच मोजायचा. या मोजपट्टीवर पुढे आलेले क्लोबेटासोल प्रोपिओनेट हायड्रोकॉर्टिझोनपेक्षा कित्येकशे पटींनी तीव्र ठरते. बाजारातील मलमात त्याचे प्रमाण सहसा ०.०५ टक्के, म्हणजे किलोमागे ५०० मिलिग्रॅम एवढेच असते. इतके थोडे पुरते, म्हणूनच ते लपवणेही सोपे जाते. रंग, वास, पोत यांत काहीच फरक पडत नाही.

३. बाळ म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे

येथे थोडे गणित करू. ३ किलोच्या नवजात बाळाच्या त्वचेचे क्षेत्रफळ सुमारे ०.२ चौरस मीटर असते, तर ६५ किलोच्या प्रौढाचे सुमारे १.७ चौरस मीटर. म्हणजे दर किलो वजनामागे बाळाची त्वचा जवळजवळ अडीच पट. तेच मलम तितक्याच भागावर लावले तरी रक्तात उतरणारी मात्रा वजनाच्या मानाने अधिक होते. त्यात इसबाने त्वचेचा बांध आधीच फुटलेला असतो आणि डायपरखाली झाकलेल्या जागी औषध आणखी मुरते.

बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिले की मेंदूला वाटते, साठा पुरेसा आहे. तो अधिवृक्क ग्रंथींना काम थांबवण्याचा इशारा देतो. चेहरा गोल होतो, वजन वाढते, उंची खुंटते, अंगावर लव वाढते. शरीरात अशा संप्रेरकाचा अतिरेक झाल्यावर काय होते, याचे वर्णन हार्वी कुशिंग यांनी १९३२ मध्येच केले होते. अशा वेळी मलम एकदम बंद करणेही धोक्याचे, कारण झोपी गेलेली ग्रंथी ताप किंवा संसर्गाच्या प्रसंगी वेळेवर जागी होत नाही.

४. प्रयोगशाळेने उघडलेल्या डब्या

१९९० च्या दशकात ब्रिटनमध्ये इसबासाठी चिनी वनौषधींची लोकप्रियता वाढली. लंडनच्या त्वचारोगतज्ज्ञांनी रुग्णांकडील ११ वनौषधी मलमे तपासली, तेव्हा ८ मलमांत डेक्सामेथासोन सापडले. हा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. बर्मिंगहॅमच्या बालरुग्णालयात 'गुणकारी' म्हणून पालक वापरत असलेली २४ मलमे तपासण्यात आली आणि २००३ मध्ये निष्कर्ष आले. २० मलमांत स्टेरॉइड होते आणि त्यांतील बऱ्याच मलमांत चक्क क्लोबेटासोल. तपासणीची पद्धत तुम्हाला प्रयोगशाळेतून परिचित असेल : उच्च कार्यक्षमता द्रव वर्णलेखन, म्हणजेच एचपीएलसी.

जानेवारी २०२१ मध्ये चीनच्या फुजियान प्रांतातील पाच महिन्यांच्या बाळाचे प्रकरण गाजले. चेहरा सुजलेला, अंगावर लव, वाढ खुंटलेली. बाळाला लावलेल्या क्रीममध्ये किलोमागे ३० मिलिग्रॅमहून अधिक क्लोबेटासोल आढळले आणि झांगझोऊच्या आरोग्य प्रशासनाने भेसळीला दुजोरा दिला. ०.०५ टक्क्यांच्या मलमाच्या तुलनेत हे प्रमाण सतराव्या भागाच्या आसपास, पण पालक ते साधे बेबी क्रीम समजून लावत होते. त्या क्रीमची नोंद ना औषध म्हणून होती, ना सौंदर्यप्रसाधन म्हणून. ती 'जंतुरोधक' वर्गात होती. लोकांनी अशा बाळांना 'मोठ्या डोक्याची बाळे' म्हटले. हाच शब्द २००४ मध्ये आन्हुई प्रांतातील निकृष्ट दूध पावडरीच्या प्रकरणात वापरला गेला होता. कारण वेगळे, पण दोन्हीकडे पालकांनी लेबलावर ठेवलेला विश्वासच फसला.

५. आपल्याकडील फट

भारतात प्रश्नाचे रूप थोडे निराळे होते. येथे पुष्कळदा स्टेरॉइड लेबलावर छापलेले असे, पण वाचतो कोण? १९४५ च्या औषध व सौंदर्यप्रसाधन नियमांतील अनुसूची 'एच'मध्ये स्टेरॉइडे होती, मात्र बाह्य वापराच्या औषधांना सवलत होती. त्यामुळे दुकानात नाव सांगितले की ट्यूब हातात पडे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, देशातील १२ केंद्रांवरच्या पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत असल्याचे दिसले. त्वचारोगतज्ज्ञांच्या पाठपुराव्यानंतर मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइडांची ही सवलत काढली. नियमाची फट बुजली. नाव-पत्ता नसलेल्या डबीपर्यंत मात्र तो नियम पोहोचत नाही.

६. इतिहास काय सांगतो?

या कथेत एक विपरीत गोष्ट आहे. पालक स्टेरॉइडच्या नावाला घाबरतात. डॉक्टरांनी लिहिलेले सौम्य हायड्रोकॉर्टिझोन कपाटातच राहते आणि 'स्टेरॉइडमुक्त' डबी घरात येते. त्या डबीत अनेकदा त्याच कुळातील सर्वांत तीव्र औषध निघते. योग्य तीव्रतेचे, मोजक्या दिवसांसाठी, देखरेखीखाली वापरलेले स्टेरॉइड आजही इसबावरील विश्वासार्ह उपचार आहे. धोका आहे तो मात्रा, कालावधी आणि नाव यांपैकी काहीच ठाऊक नसण्यात.

माझ्या मुलीच्या बाबतीत डॉक्टरांनी मलम हळूहळू कमी केले आणि वजन-उंचीवर लक्ष ठेवले. ती आता शाळेत जाते. डबीत काय होते ते आम्हाला कधीच कळले नाही. तुमच्या घरी, शेजारी एखादे बाळ असेल तर एवढे कराच : डबीवरचे घटक, परवाना क्रमांक आणि उत्पादकाचा पत्ता वाचा. यांपैकी काही नसेल आणि गुण मात्र दोन दिवसांत आला असेल, तर डबी घेऊनच डॉक्टरांकडे जा.

विचारासाठी प्रश्न

१. किलोमागे ३० मिलिग्रॅम म्हणजे किती टक्के? एवढे अल्प प्रमाणही बाळाला घातक का ठरू शकते?
२. उत्पादनाचा 'वर्ग' बदलला की तपासणी करणारी यंत्रणा बदलते. फुजियानच्या प्रकरणावरून स्पष्ट करा.
३. अनुसूची 'एच'मधील सवलत मुळात का ठेवली गेली असावी? तिचे परिणाम काय झाले?