कॅमेरा जोडलाय, पण चित्र कुठंय?

समजा, तुम्ही बिल्डरूट वापरून स्वतःची छोटीशी लिनक्स बांधली. गरजेपुरता कर्नल, मोजक्या कमांड, बस्स. यूएसबी वेबकॅम लावला, चित्र आलं. मग चपट्या केबलचा इवलासा कॅमेरा बोर्डाला जोडला आणि काहीच झालं नाही. एररसुद्धा नाही. माझे यात सलग तीन रविवार गेले. असं का होतं, हे इतिहास पाहिला की कळतं.

लिनक्समध्ये व्हिडिओची सोय १९९०च्या दशकाच्या अखेरीस आली, ती मुख्यतः टीव्ही-कार्डांसाठी. पुढे वेबकॅम आले. प्रत्येकाची चिप वेगळी आणि कंपन्या सहसा माहिती द्यायच्या नाहीत. मग हौशी लोक तारेवरून काय जातंय ते बघून ड्रायव्हर लिहायचे. फ्रान्समधल्या मिशेल झार या डॉक्टरांनी असे दोनशेहून जास्त वेबकॅम चालते केले!

ही दगदग कमी केली ती एका सामाईक नियमावलीने, यूव्हीसीने. तिचा ड्रायव्हर २००८ मध्ये कर्नलमध्ये आला. यूव्हीसी कॅमेरा जोडल्याबरोबर स्वतःच सांगतो: मी कोण, माझे फॉरमॅट कोणते, चित्र केवढं. म्हणून तुमचा वेबकॅम लगेच चालला.

चपट्या केबलचा कॅमेरा मात्र मोबाइलच्या घराण्यातला. त्याला हुकूम जातात आयटूसी या तारांवरून, पिक्सेल येतात सीएसआय नावाच्या वेगळ्या तारांवरून, आणि स्वतःची ओळख तो करून देत नाही. त्याचा पत्ता कोणता, घड्याळ किती वेगाचं, डेटाच्या लेन किती, हे सगळं तुम्हीच डिव्हाइस ट्रीत लिहायचं. माझ्या सेन्सरला दोन लेन होत्या. मी चार लिहिल्या होत्या.

हे दुरुस्त केल्यावर चित्र आलं, पण काळपट-हिरवं. कारण सोपं आहे: सेन्सरच्या दर चार पिक्सेलांपैकी दोन हिरवे असतात. रंग जुळवणं, उजेड सांभाळणं ही कामं आयएसपी नावाचा वेगळा भाग करतो. नोकियाच्या एन९०० फोनमधल्या अशा सुट्या भागांची साखळी हाताळताना मीडिया कंट्रोलरची कल्पना पुढे आली. २०११ मध्ये ती कर्नलमध्ये शिरली.

२०१३ मध्ये रास्पबेरी पायचा कॅमेरा आला आणि सगळं सोपं वाटलं. पण रंगांचं बरंचसं काम जीपीयूमधल्या बंद फर्मवेअरमध्ये व्हायचं. आत काय चाललंय ते तुम्हाला दिसत नव्हतं, म्हणून बदलताही येत नव्हतं. २०१८ च्या अखेरीस लिबकॅमेरा प्रकल्प जाहीर झाला, तो हे काम उघड्यावर आणण्यासाठी. २०२१ मध्ये रास्पबेरी पायनेही तीच वाट धरली.

यात पणाला काय लागलंय? कंपनीने पाठ फिरवली तर बंद पेटीतला कॅमेरा पुढच्या कर्नलवर बहुधा मुका होतो. उघड्या ड्रायव्हरचा कॅमेरा दुसरं कुणी, कदाचित तुम्हीच, चालू ठेवू शकता.

तेव्हा पुढच्या वेळी थेट चित्राच्या मागे लागू नका. कर्नलमध्ये ड्रायव्हर घेतलाय का? सेन्सर आयटूसीवर उत्तर देतोय का? मीडिया-सीटीएलमध्ये साखळी जुळलीय का? दोन्ही टोकांना फॉरमॅट एकच आहे का? याच क्रमाने तपासा. तुमचे दोन रविवार तरी वाचतील.