प्राइम, झूम आणि रामलिंगचा वाघ

बोनस हातात आला की माणसाचं डोकं फिरतं. माझं लेन्सवर फिरलं. कॅननची 400 एफ/5.6 प्राइम घ्यावी की जुनी 100-400 झूम? दोन्ही सेकंडहँडच मिळणार, म्हणजे चुकलो तर परतीची सोय नाही. शेवटी दोन मित्रांकडून दोन्ही उसन्या घेतल्या आणि शुक्रवारी रात्रीच्या गाडीने धाराशिव गाठलं. परीक्षेचं मैदान ठरलेलं होतं, येडशीचं रामलिंग घाट अभयारण्य.

तसं हे भांडण बरंच जुनं आहे. लांबचं जवळ आणणारी टेलिफोटो लेन्स 1891 च्या सुमारास इंग्लंडमध्ये डॅलमायरने आणि जर्मनीत मीथे व श्टाइनहाइलने, जवळपास एकाच वेळी बनवली. पण आमचा जिल्हा ज्या निजामाच्या राज्यात होता, तिथे 1902 मध्ये नेकोंड्याजवळ लॉर्ड कर्झनचा वाघासोबतचा प्रसिद्ध फोटो निघाला, तेव्हा तिची गरजच पडली नाही. वाघ मेलेला होता ना! राजा दीनदयाळांच्या नावावरचा हा फोटो आजही बघवत नाही.

जिवंत वाघाचं काय? वन खात्यातल्या एफ. डब्ल्यू. चॅम्पियनने जंगलवाटेवर तार ताणून ठेवली. वाघाचा पाय लागला की फ्लॅश उडायचा आणि फोटो निघायचा. त्याचं पुस्तक 1927 चं. आणि झूम? 35 मिमी कॅमेऱ्यासाठीची पहिली झूम, फोख्टलेंडरची झूमार, आली थेट 1959 मध्ये. तेव्हापासून प्राइमवाले झूमवाल्यांना नाकं मुरडतायत.

असो. तर मुद्दा असा की 400 वर दोन्ही लेन्स एफ/5.6 च, म्हणजे उजेड सारखाच. प्राइममध्ये काचा फक्त 7, झूममध्ये 17. फरक दिसतो बरं का! माळावर दूर उभ्या चिंकाऱ्याच्या कानाची कड प्राइमने अशी कापून दिली की मी तिथेच निकाल लावून टाकला होता.

पण मग संध्याकाळ झाली. प्राइमला स्टॅबिलायझर नाही, घाटात उजेड पटकन उतरतो, आणि माझा हात रोज कीबोर्डवर चालणारा. सगळे फोटो हललेले. त्यात रामलिंगच्या देवळापाशी एक माकडीण पिल्लाला पोटाशी धरून दोन मीटरवर येऊन बसली. प्राइम साडेतीन मीटरच्या आत फोकसच करत नाही. मी मागे सरकतोय, ती पुढे येतेय! झूम 1.8 मीटरवर चालते, पण ती बॅगेत. बॅग उघडेपर्यंत बाई झाडावर.

नान्नजच्या मोकळ्या गवताळ माळावर, उडत्या पक्ष्यांसाठी, मी आजही प्राइमच म्हणेन. हलकी आहे, फोकस झटकन पकडते. पण माझी गावची वारी रामलिंगची. म्हणून झूम घेतली.

डिसेंबर 2024 मध्ये याच अभयारण्यात वाघ दिसला. टिपेश्वरहून 400 हून अधिक किलोमीटर चालत आलेला! आणि टिपला कुणी? झाडाला बांधलेल्या कॅमेरा ट्रॅपच्या इवल्याशा लेन्सने, जिला झूमही नाही. चॅम्पियनची तारच ती, फक्त आता इन्फ्रारेडची.

बाबांनी फोन करून बातमी सांगितली आणि वर विचारलं, "तुझ्या त्या महागड्या नळकांड्यात दिसला होता का रे?"