घरगुती बाटलीचा इतिहास

मराठी घरांत पाहुण्यांसाठी कॉफी करायची म्हणजे दूध उकळताना त्यात जायफळ किसायचे. चहाला आले, कॉफीला जायफळ, ही वाटणी आमच्या आजीच्या स्वयंपाकघरात पक्की होती. तो वास मला अगदी अनपेक्षित ठिकाणी पुन्हा भेटला. बंगळुरूला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीने नाताळात एक बाटली हातात ठेवली. आत फिकट तपकिरी, दाट द्रव होता: कंडेन्स्ड मिल्क, क्रीम, व्हिस्की, थोडी कॉफी, थोडा कोको, दालचिनी आणि जायफळ. काळ्या कॉफीत दोन चमचे घालायचे, की दूध, साखर, मसाला आणि मद्य एकदमच आले. बाटलीवर तिने स्वतःच्या अक्षरात लिहिले होते, ‘घरगुती’.

चव छानच होती. मनात घोळत राहिला तो शब्द. लोणचे घरगुती, मसाला घरगुती, हे कळते. त्यामागे कुणाची तरी आजी असते. या बाटलीमागे कोणती आजी आहे?

उत्तर शोधायचे तर आधी एक भांडण समजून घ्यायला हवे. दूध आणि दारू यांचे मुळात पटत नाही. दुधातले केसीन नावाचे प्रथिन बारीक कणांच्या रूपात पाण्यात तरंगत असते. आंबटपणा वाढला की ते कण एकमेकांना चिकटतात आणि दूध फाटते. मद्यही तेच करते, कारण त्या कणांभोवतीचे पाण्याचे कवच ते काढून घेते. आपल्या दूध संकलन केंद्रांवर याच भांडणाचा उपयोग करतात. दुधाच्या नमुन्यात तितकेच अल्कोहोल मिसळून पाहतात. गुठळ्या दिसल्या, तर ते दूध तापवताना टिकणार नाही असे समजायचे. कॉफीही थोडी आंबटच. म्हणजे दूध, दारू आणि कॉफी एका पेल्यात गुण्यागोविंदाने नांदवायची, तर काही तरी युक्ती लागते. या पेयाचा इतिहास म्हणजे त्या युक्त्यांचा इतिहास.

पहिली युक्ती सर्वांत सोपी होती: भांडण होऊ द्यायचे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये गरम दुधात वाइन किंवा एल ओतून ते मुद्दाम फाडत, मसाला घालत आणि ‘पॉसेट’ म्हणून पीत. सर्दीतापावर ते औषध होते, झोपण्यापूर्वीचे पेयही होते. शेक्सपिअरची लेडी मॅकबेथ राजाच्या पहारेकऱ्यांच्या पॉसेटमध्येच गुंगीचे औषध कालवते.

याच युक्तीचे पुढचे रूप आपल्या किनाऱ्याला स्पर्श करून जाते. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर 1670च्या दशकात पश्चिम किनाऱ्यावर वावरला. मराठी वाचकांना तो शिवकाळाचा साक्षीदार म्हणून माहीत असतो. 1698 साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याने गोव्याजवळच्या नेरूळच्या मद्याची तारीफ केली आहे. हे मद्य घेऊन इथले इंग्रज ‘पंच’ नावाचे पेय बनवतात, त्यात पाच जिन्नस असतात आणि म्हणून हे नाव, असे तो सांगतो. ही व्युत्पत्ती सगळ्यांना मान्य नाही. पण पंच हे पेय हिंदुस्थानात राहणाऱ्या इंग्रजांकडून तिकडे गेले, याबद्दल फारसा वाद नाही. दारू, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला अशी त्याची साधारण घडण.

इंग्लंडमध्ये या पंचात कुणी तरी गरम दूध ओतले. लिंबामुळे ते फाटले. चोथा कापडातून गाळून टाकल्यावर खाली उरले नितळ, मऊ चवीचे मद्य, आणि ते महिनोन्‌महिने टिकत होते. हा ‘मिल्क पंच’. बेंजामिन फ्रँकलिनने 1763 साली एका मित्राला त्याची कृती लिहून पाठवली. तिच्यात 6 क्वार्ट ब्रँडी, 44 लिंबांच्या साली आणि 3 क्वार्ट उकळते दूध आहे. दोन तास ठेवायचे, गाळायचे, बाटल्या भरायच्या. दूध टिकवायचे तर त्याचे दूधपणच काढून टाकायचे, असा हा हिशेब.

दुसरी युक्ती अंड्याची. अंड्याच्या बलकात लेसिथिन असते. ते एका हाताने पाणी धरते, दुसऱ्या हाताने चरबी, आणि दोघांना सुटू देत नाही. अमेरिकेतल्या वसाहतींत कॅरिबियन बेटांवरची रम मिळे आणि शेतावर दूध-अंडी मुबलक असत. त्यातून एगनॉग रुजले. मेक्सिकोत प्वेब्ला शहरातल्या मठांतल्या जोगिणींनी अंडी, दूध, दालचिनी आणि मद्य यांचे ‘रोम्पोपे’ घडवले, असे तिकडे मानतात. इथे आपल्याला आजी सापडते खरी. पण तिचे नाव कुठे नोंदलेले नसते.

एका बाईचे नाव मात्र नोंदलेले आहे. रिबेका लॅन्सफील्ड या न्यू यॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतल्या नामवंत जीवाणुशास्त्रज्ञ. स्ट्रेप्टोकोकस जीवाणूंचे वर्गीकरण त्यांच्या नावाने ओळखले जाते. त्या दरवर्षी नोव्हेंबरात प्रयोगशाळेसाठी एगनॉग करत, तेही कच्च्या अंड्यांचे, आणि नाताळापर्यंत फ्रिजमध्ये मुरू देत. त्यांच्यानंतर तिथल्याच संशोधकांनी ती कृती तपासली. त्यांनी एगनॉगमध्ये मुद्दाम साल्मोनेला जीवाणू सोडले. पहिले काही दिवस जीवाणू जिवंत होते. तीन आठवड्यांनी एकही उरला नाही. त्या मिश्रणात मद्यार्क साधारण 20 टक्के होता. सौम्य एगनॉगला ही हमी लागू नाही, हेही त्यातूनच कळते.

तिसरी युक्ती साखरेची आणि डब्याची. तिची कथा गोड नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर न्यू यॉर्क आणि ब्रुकलिनमध्ये दारूच्या भट्ट्यांना लागूनच गोठे होते. व्हिस्की गाळून उरलेला गरम चोथा गायींना घालत. अंधाऱ्या, कोंदट गोठ्यांत त्या गायी रोगट होत, आणि त्यांचे निळसर, पातळ दूध पांढरे दिसावे म्हणून त्यात खडूची पूड मिसळली जाई. ते दूध गरिबांची तान्ही मुले पीत. रॉबर्ट हार्टली या समाजसुधारकाने 1842 साली यावर पुस्तक लिहिले. 1858 साली फ्रँक लेस्लीच्या सचित्र साप्ताहिकाने गोठ्यांची चित्रे छापून शहर हादरवले. कायदा व्हायला 1862 साल उजाडले. तोवर दगावलेल्या मुलांची संख्या हजारांत मोजली जात होती.

गेल बॉर्डनच्या 1856 सालच्या पेटंटला ही पार्श्वभूमी आहे. निर्वात भांड्यात दूध आटवायचे, म्हणजे ते कमी उष्णतेवर आटते आणि करपत नाही. साखर घातली की जीवाणूंना वाढायला मोकळे पाणीच उरत नाही. शहरी माणसाला खेड्यातले स्वच्छ दूध, असा त्याचा दावा होता, आणि त्या दुधाला ग्राहक मिळाले. 1861 साली सुरू झालेल्या अमेरिकन यादवी युद्धात सैन्यानेच मोठी मागणी नोंदवली आणि धंदा उभा राहिला. 1866 साली स्वित्झर्लंडमध्ये दोघा अमेरिकन भावांनी तसाच कारखाना काढला. पुढे ती कंपनी नेस्लेत मिळाली. आपल्याकडच्या डब्यावरची डोक्यावर घमेले घेतलेली गवळण त्याच घराण्यातली. त्या डब्यामुळे पोर्तो रिकोत नारळाचे दूध, रम आणि दालचिनी यांचे ‘कोकितो’ सोपे झाले. आटीव, साखरेने भारलेले दूध मद्यालाही बरेच सोसते. व्हिस्कीच्या भट्टीने ज्या दुधाचे वाटोळे केले होते, त्या दुधाचा डब्यातला वारस शेवटी व्हिस्कीच्याच शेजारी येऊन बसला.

आता कॉफीकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आयर्लंडमधल्या फॉइन्स इथे अटलांटिक ओलांडणारी जलविमाने उतरत. गारठलेल्या प्रवाशांसाठी तिथला आचारी जो शेरिडन याने कॉफीत व्हिस्की घातली आणि वर क्रीमचा थर सोडला. 1952 साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या ब्युना व्हिस्टा कॅफेने ती कॉफी उचलली, तेव्हा क्रीम बुडायचे. ते दोन दिवस मुरवून हलके फेटले, तेव्हा कुठे तरंगले. पण हे सगळे पेल्यात, ऐन वेळी. बाटलीत महिनोन्‌महिने टिकणारे क्रीम आणि व्हिस्की अजून कुणाला जमलेले नव्हते.

ते जमले 1973 साली, आणि सुरुवात आयर्लंडमध्ये झाली नाही. लंडनच्या सोहो भागातल्या एका छोट्या कचेरीत डेव्हिड ग्लकमन आणि ह्यू सेमूर-डेव्हीस हे दोघे जाहिरातीच्या धंद्यातले लोक बसले होते. एका मद्य कंपनीला निर्यातीसाठी आयरिश पेय हवे होते. ग्लकमनने पूर्वी आयरिश लोण्याच्या एका प्रसिद्ध ब्रँडवर काम केले होते. आयर्लंड म्हणजे दूधदुभते हे समीकरण त्याच्या डोक्यात होते. दोघे कोपऱ्यावरच्या दुकानात गेले, व्हिस्की आणि क्रीमचा डबा आणला, स्वयंपाकघरात मिसळून पाहिले. चव बेकार लागली. मग साखर आणि ड्रिंकिंग चॉकलेटची पूड घातली आणि जमले. ग्लकमनने पुढे सांगितल्याप्रमाणे या सगळ्याला लागली पाऊण तास. ‘बेलीज’ हे नाव जवळच्या एका उपाहारगृहाच्या पाटीवरून सुचले. बाटलीवर सही करणारा आर. ए. बेली नावाचा कुणी गृहस्थ कधी नव्हताच. डब्लिनमधल्या तंत्रज्ञांनी पुढे खरे कष्ट घेतले, चरबीचे कण इतके बारीक केले की ते वेगळे होऊन वर येत नाहीत. दुधातली चरबी अशी फोडणारे यंत्र फ्रान्सच्या ऑगस्त गोलँ यांनी 1899 साली पेटंट केले होते. सतरा टक्के मद्यार्क, दोन वर्षांची मुदत. 1974 साली बाटली बाजारात आली.

म्हणजे ज्याला जग जुनी आयरिश परंपरा समजते, ती पन्नास वर्षांपूर्वी लंडनच्या एका कचेरीत पाऊण तासात जन्मली. त्याआधी, 1961 साली, अमेरिकेत कॉफी-मेट ही पूड निघाली होती. दुधाऐवजी तिच्यात होती वनस्पतिजन्य चरबी आणि दुधातले प्रथिन. मग चवीचे द्रव क्रीमर आले, त्यांत ‘आयरिश क्रीम’ही आले: आयर्लंड नाही, व्हिस्की नाही, कित्येकदा दूधही नाही. अमेरिकेतल्या गृहिणींनी डब्यातले दूध घेऊन तीच चव घरी करायला सुरुवात केली, आणि कारखान्याने काढून टाकलेली व्हिस्की त्यात परत ओतली. माझ्या मावसबहिणीची बाटली या शेवटच्या वळणावरची. तिच्यामागे आजी नव्हती, कारखाना होता. आणि कारखान्यामागे पुन्हा पॉसेट ढवळणाऱ्या, रोम्पोपे आटवणाऱ्या बायका.

राहिले जायफळ. तेच तर माझ्या आजीचे, असे मला वाटत होते. पण शतकानुशतके साऱ्या जगाचे जायफळ इंडोनेशियातल्या बांदा नावाच्या चिमुकल्या बेटांवरून येत असे. त्या व्यापाराचा मक्ता मिळवण्यासाठी 1621 साली डच कंपनीच्या यान पीटरझून कूनने ती बेटे जिंकली. हजारो रहिवासी मारले गेले, उपासमारीने मेले किंवा गुलाम म्हणून नेले गेले. मग बागा डच मळेवाल्यांना वाटल्या आणि कामाला गुलाम आणले. आज कोकणातल्या नारळी-पोफळीच्या बागांतही जायफळ पिकते आणि आपण ते निःशंक मनाने किसतो. किसावेही. पण ‘आमचे’ म्हणताना जिभेला क्षणभर थांबवावे, इतका इतिहास त्या एवढ्याशा बीमागे आहे.

मी स्वतः बाटली केली तेव्हा मावसबहिणीला फोन करून माप विचारले. 400 ग्रॅमचा कंडेन्स्ड मिल्कचा डबा, 250 मिली क्रीम, 350 मिली व्हिस्की. आपल्याकडच्या व्हिस्कीत मद्यार्क 42.8 टक्के असतो. डब्यातले दूध सुमारे 300 मिली भरते. हिशेब केला तर मिश्रणात साडेसोळा टक्के येतो, कारखान्याच्या बाटलीच्या अगदी जवळ. व्हिस्की 200 मिलीवर आणली, तर तो साडेअकरावर उतरतो आणि बाटली लवकर बिघडते. कॉफी दोन चमचे गरम पाण्यात विरघळवून पूर्ण गार करून घालायची. दालचिनीचा तुकडा दोन दिवस व्हिस्कीतच भिजवायचा. पूड घातली तर तळाशी गाळ बसतो. जायफळ शेवटी, अगदी थोडे. मिक्सर हळू फिरवायचा, नाही तर क्रीमचे लोणी होते. अंडे मी घातले नाही.

“किती दिवस टिकेल?” मी विचारले.

“दोन आठवडे, फ्रिजमध्ये. ताई, वर तारीख घाल हं.”

कारखान्याच्या बाटलीवर दोन वर्षांची मुदत छापलेली असते. तिच्यामागे गोलँचे यंत्र आहे, बॉर्डनचा डबा आहे आणि न्यू यॉर्कच्या गोठ्यांतल्या दुधाने दगावलेली मुलेही आहेत. त्यांच्या मरणातून जग दुधाची तारीख पाहायला शिकले. माझ्या बाटलीतली कृती माझी नाही, चव माझी नाही, जायफळसुद्धा माझे नाही. ती केव्हा भरली आणि केव्हा ओतून द्यायची, एवढे मात्र मला ठाऊक आहे. मी चिठ्ठी चिकटवली. ‘घरगुती’ लिहिले आणि त्याखाली तारीख.