ध्वनिमिश्रणातील गढूळपणा, घरगुती मुद्रणातील

वाद्ये व कंठस्वर वेगवेगळे मुद्रित करून एकत्र आणताना त्यांचे वेगळेपण लोपून जो जाड व धूसर नाद ऐकू येतो, त्यास मिश्रणाचा गढूळपणा म्हणतात. बहुधा सु. २०० ते ५०० हर्ट्‌झ या कंप्रतांच्या (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या संख्येच्या) पट्ट्यात ध्वनीची दाटी झाल्याने तो उद्भवतो. गीताचे शब्द कळेनासे होणे, ही त्याची पहिली खूण होय. या दोषाचे एक मूळ मानवी श्रवणातच आहे. मोठा खालचा स्वर वरच्या स्वरांना झाकून टाकतो, उलट परिणाम मात्र बराच कमी असतो, असे वेगेल व लेन यांनी १९२४ मध्ये प्रयोगांनी दाखविले.

घरगुती बहुस्तरी मुद्रणाचा आरंभ अमेरिकन गिटारवादक लेस पॉल यांच्यापासून मानणे योग्य ठरेल. ‘लव्हर’ (१९४८) या रचनेसाठी त्यांनी एका तबकडीवरील वादनात नवे वादन मिसळून ते दुसऱ्या तबकडीवर उतरविले व हीच क्रिया पुनःपुन्हा केली. प्रत्येक उतरवणीत खरखर वाढे व आधीचे थर अस्पष्ट होत. म्हणून ते गौण अंगे आधी व मुख्य अंग शेवटी मुद्रित करीत. टीअ‍ॅक कंपनीच्या ‘पोर्टास्टुडिओ’ (१९७९) या चार मार्गांच्या कॅसेट यंत्रामुळे ही कला सामान्यांच्या घरी आली. मार्ग अपुरे पडल्यास तीन मार्ग चौथ्यावर एकत्र करीत. तेथे झालेली चूक मागाहून सुधारता येत नसे. ब्रूस स्प्रिंगस्टीन यांचा ‘नेब्रास्का’ (१९८२) हा गीतसंग्रह याच यंत्रावर घरी मुद्रित झाला. त्यातील शब्द स्पष्ट राहिले याचे श्रेय यंत्रापेक्षा वाद्यांच्या मितसंख्येस द्यावे लागेल.

अंकीय मुद्रणाने उतरवणीतील झीज संपविली आणि मार्गांची मर्यादाही जवळजवळ नाहीशी केली. गढूळपणा मात्र गेला नाही. थर वाढविण्याचा मोह अनावर झाल्याने तो अनेकदा वाढलाच. त्यात लहान खोलीचा दोष मिसळतो. साडेतीन मीटर लांबीच्या खोलीत पहिला अनुनाद सु. ४९ हर्ट्‌झला येतो. श्रोत्याच्या जागी काही खालचे स्वर क्षीण होत असल्यास तो ते वाढवितो आणि तेच मिश्रण इतरत्र बोजड वाटते. शेजाऱ्यांच्या धास्तीने हळू आवाजात काम करणाऱ्याचीही अशीच फसगत होते. कारण ध्वनी मंद असता कान खालच्या कंप्रतांना कमी प्रतिसाद देतो (फ्लेचर व मन्सन, १९३३). खोलीचा प्रतिध्वनी टाळण्यासाठी गायक एकदिश ध्वनिग्राहकाच्या अगदी जवळ जातो, तेव्हा खालचे स्वर आणखी फुगतात.

उपायाची दिशा वाढविण्याची नसून वजा करण्याची आहे. जॉर्ज मॅसेनबर्ग यांनी १९७२ मध्ये मांडलेल्या प्राचलिक समकारकामुळे (हव्या त्या कंप्रतेचा हवा तेवढा पट्टा कमी-जास्त करणाऱ्या साधनामुळे) नेमका दाटीचा भाग कापता येऊ लागला. ज्या वाद्यास खालच्या स्वरांची गरज नाही त्याचे ते स्वर गाळणीने काढतात; कृत्रिम प्रतिध्वनीलाही हीच गाळणी लावतात. परंतु रचनेतील दोष समकारकाने पुरता जात नाही. भारतीय गायनात संवादिनी व पुरुषकंठ एकाच पट्ट्यात येतात. तेथे संवादिनी एक सप्तक वर वाजविणे किंवा तिचा खालचा सूर बंद ठेवणे, हे यंत्रावरील कोणत्याही फेरफारापेक्षा अधिक गुणकारी ठरते.